घरी गाडी बांधतोय: ब्रेकच्या लाइनीत नक्की कुठले व्हॉल्व्ह लावायचे?

ठोकपीट

मंडळी, नमस्कार. धायरीच्या पत्र्याच्या शेडमधली माझी दोन सीटची बग्गी अखेर स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: चौकोनी पाइपची चेसिस, मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि ८०० चे पुढचे हब, शाफ्ट, डिस्क सगळं उचलून मागच्या चाकांना. पुढे दुसऱ्या एका भंगारातल्या हॅचबॅकच्या डिस्क. कॅलिपर (पॅड दाबून डिस्क पकडणारे चिमटे) चारही मोजून बघितले, पिस्टन सारखेच निघाले. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पॅडल फ्लोअरवरून उभा राहणारा, त्यामुळे मास्टर सिलिंडर (पॅडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) माझ्या टाचेखाली.

आता रडगाणं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिला पॅडल सरळ तळाला जातो. दुसऱ्या दाबाला अर्ध्यावर थांबतो, तिसऱ्याला कडक होतो. कडक म्हणजे काय, तर इडलीवर पाय ठेवल्यासारखा. रविवारी सासवडला मामांच्या माळावर नेली होती. तीस-पस्तीसच्या स्पीडला जोरात ब्रेक मारला, मागची चाकं लॉक झाली आणि गाडीने अर्धी गिरकी घेतली. आलो होतो तिकडेच तोंड करून बसलो. मामा म्हणाले, "रिव्हर्स मस्त आहे."

व्हॉल्व्हबद्दल वाचायला बसलो तर डोकं भणभणलं. प्रपोर्शनिंग, मीटरिंग, रेसिड्युअल, कॉम्बिनेशन, लोड सेन्सिंग. जो भेटतो तो वेगळा व्हॉल्व्ह लावायला सांगतो. नाना पेठेत विचारलं तर काउंटरवरच्याने "कुठल्या गाडीचा?" म्हणून विचारलं. म्हटलं, माझ्या गाडीचा. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

जुन्या गाडीचा चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह कपाटात पडून आहे. तो बसवू का?

वाचनमात्र

फोटो दिसत नाहीत.

जीपवाला_सातारारोड

अभिनंदन, ठोकपीट! गिरकीचा व्हिडिओ असेल तर टाका.

काहीही बसवायच्या आधी माझी चूक ऐका. माझी जुनी सीजे-थ्रीबी, चारही चाकांना ड्रम, मास्टर सिलिंडर तुमच्यासारखाच फ्लोअरखाली. हौसेने पुढे डिस्क केल्या, मास्टर सिलिंडर मात्र जुनाच ठेवला. पहिल्याच ट्रिपला खंबाटकी चढून वर चहाला थांबलो तर पुढच्या चाकांतून जळका वास. आता घाट *चढताना* ब्रेकला पाय कितीसा लागतो? बाटलीतलं पाणी रिमवर ओतलं तर चर्र करून वाफ झाली.

कारण नंतर कळलं. ड्रमच्या जमान्यातल्या त्या मास्टर सिलिंडरच्या पोटातच एक चेक व्हॉल्व्ह असतो. पॅडल सोडला तरी तो लाइनीत थोडं प्रेशर अडवून धरतो. ड्रमला ते लागतं, तिथे शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कला स्प्रिंग नाही. पिस्टनवरचं रबर सील पिळवटतं आणि सुटल्यावर पिस्टनला केसभर मागे घेतं, तेवढीच तिची माघार. त्यावर ड्रमचं प्रेशर राहिलं की पॅड डिस्कला घासतच बसतात.

म्हणून आधी विचारतो, तुमचा मास्टर सिलिंडर कुठल्या गाडीचा?

ठोकपीट

पुढच्या डिस्क ज्या हॅचबॅकच्या, तिचाच. चाकं हाताने मोकळी फिरतात, गरम होत नाहीत. फोटो परत चढवलेत.

निवृत्त_फिटर

ठोकपीटराव, तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत, कदाचित तीन. सगळ्यांवर मिळून एक व्हॉल्व्ह शोधताय म्हणून घोळ होतोय. चिंचवड-भोसरी पट्ट्यात बत्तीस वर्षं ब्रेकच्या कामात गेली, त्या हक्काने सांगतो.

पॅडल तळाला कधी जातो ते बघा. रात्रभर उभी राहिल्यावर जात असेल तर ऑइल कॅलिपरमधून खाली ओघळून परत मास्टर सिलिंडरकडे येतंय. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर जात असेल तर डिस्क वाकडी आहे किंवा बेअरिंग ढिलं आहे. हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिला दाब ती फट भरण्यात संपतो. तुमची तक्रार सकाळची आहे, म्हणजे पहिला प्रकार. नेहमीच्या गाडीत मास्टर सिलिंडर बॉनेटखाली उंचावर असतो म्हणून हा प्रश्नच येत नाही. तुमचा टाचेखाली आहे, कॅलिपरपेक्षा खाली.

रेसिड्युअल व्हॉल्व्ह याच्यासाठीच. डिस्कचा २ पीएसआय दाबाचा, म्हणजे जेमतेम ०.१४ बार. ऑइल मागे येऊ देत नाही, पण पॅड घासण्याइतका जोरही ठेवत नाही. ड्रमचा १० पीएसआयचा, साधारण ०.७ बार, त्यामुळे व्हील सिलिंडरचे रबर कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. दोन्ही दिसायला सारखेच, बरेचदा फक्त रंग वेगळा. जीपवाल्यांनी जे भोगलं ते हेच, फक्त त्यांचा व्हॉल्व्ह मास्टरच्या पोटात लपलेला होता.

पण मी तुमच्या जागी असतो तर तोही घेतला नसता. ऑइलचा डबा वर घ्या. रबरी होज लावून डॅशबोर्डच्या उंचीला बसवा, म्हणजे ऑइलची पातळी चारही कॅलिपरच्या वर राहील आणि खाली ओघळायचं कारणच उरणार नाही. होज मात्र ब्रेक ऑइलला चालणारी हवी. पेट्रोलची होज लावलीत तर महिन्याभरात फुगून मऊ पडेल.

आता इडली. मागच्या कॅलिपरचा जवळून फोटो टाका. निप्पल दिसेल असा.

ठोकपीट

काका, टाकला. मागे डावा-उजवा अदलाबदल केलेत. सस्पेन्शनचा आर्म आडवा येत होता म्हणून.

निवृत्त_फिटर

वाटलंच होतं. डावा कॅलिपर उजवीकडे लावलात की तो उलटा होतो आणि एअर काढायचं निप्पल खाली येतं. हवा कायम वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तुम्ही खालून काढताय. अख्खा डबा ओतलात तरी नुसतं ऑइल येत राहील आणि बुडबुडा वर मजेत बसून राहील.

आजच्या आज बघायचं असेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, निप्पल वर येईल असा हातात धरा, पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घाला आणि एअर काढा. फळी विसरलात तर पिस्टन बाहेर येऊन मांडीवर पडेल. कायमचं करायचं तर ब्रॅकेट नवीन करा.

चिखलातली_गाडी

आम्ही कॉलेजात बाहाची गाडी केली होती (पिथमपूरला कॉलेजांच्या स्पर्धेत चिखलात लोळवतात ती), तेव्हा हीच चूक केली होती. तीन रात्री जागून एअर काढली. चौथ्या रात्री चहा घेऊन आलेल्या ज्युनियरने विचारलं, "हे उलटं नाहीये ना?"

ठोकपीटदादा, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हऐवजी आमच्यासारखे दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार का नाही लावत? एक पुढचा, एक मागचा. आम्हाला दोन स्वतंत्र लाइनी आणि चारही चाकं लॉक झाली पाहिजेत असा नियमच होता. बार फिरवून पुढे-मागे जोर कमीजास्त करता येतो.

ठोकपीट

पैसे, दादा. आणि मास्टरला दोन लाइनी आहेतच. जुन्या गाडीत एक्स होता (पुढचा डावा आणि मागचा उजवा एका लाइनीवर), मी पुढे एक, मागे एक अशी केली. ते तरी बरोबर आहे ना?

निवृत्त_फिटर

चालेल. एक लाइन फुटली तरी दुसरी राहते. तुमच्या बांधणीला उलट सोयीचं, कारण व्हॉल्व्ह मागच्या एकाच पाइपात बसेल. एक्स ठेवला असता तर मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा लागला असता. कपाटातल्या व्हॉल्व्हला चार तोंडं आहेत ती म्हणूनच: दोन आत, दोन बाहेर.

तो बसवू नका हे मात्र ठामपणे सांगतो. का, ते आकड्यांनी दाखवतो. समजा गाडी माणसासकट ६०० किलो, चाकांमधलं अंतर २.१ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. इंजिन मागे आहे, म्हणजे उभ्या गाडीत पुढे २७० आणि मागे ३३० किलो धरू. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. किती? ब्रेकचा जोर गुणिले वजन गुणिले उंची, भागिले चाकांमधलं अंतर. कोरड्या डांबरावर कचकचून मारला, म्हणजे ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) धरला, तर १०३ किलो पुढे सरकतात. झाले पुढे ३७३, मागे २२७. म्हणजे ६२ आणि ३८ टक्के.

हीच मापं नेहमीच्या, इंजिन पुढे असलेल्या गाडीला लावा. उभी असताना पुढे ३७२, मागे २२८. ब्रेक मारल्यावर पुढे ४७५, मागे १२५. ७९ आणि २१. तुमच्या कपाटातला व्हॉल्व्ह *त्या* गाडीचा आहे. मागचं चाक जवळजवळ हवेत, असं समजून तो मागचं प्रेशर छाटतो. तुमच्याकडे लावलात तर मागचे चांगले ब्रेक नुसते बघत बसतील.

उलट आज तुमच्याकडे काहीच नाही. चारही कॅलिपर सारखे, प्रेशर सारखं, म्हणजे जोर पन्नास-पन्नास. जमिनीला धरायची ताकद मात्र मागे कमी. मागची चाकं आधी लॉक होतात आणि लॉक झालेलं चाक बाजूला घसरायला मोकळं असतं. पुढची आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची झाली की शेपटी पुढे येते. मामांना विचारा.

चिखलातली_गाडी

काका, मग बॅलन्स बार ३८ ला सेट केला की झालंच की?

निवृत्त_फिटर

होतं, पण बार सरळ रेषा देतो. हलका ब्रेक असो की कचकचून, वाटणी तीच. वजन तसं वागत नाही. ठोकपीटरावांच्याच गाडीत ०.२ जी ला पुढे २९६, मागे ३०४, म्हणजे जवळजवळ सारखं. ०.४ ला ३२१ आणि २७९. ०.८ ला ३७३ आणि २२७. हळू ब्रेकला पन्नास-पन्नास बरोबर आहे, जोरात मारताना चूक आहे.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह नेमकं इथेच काम करतो. आत स्प्रिंगवर बसलेला पायऱ्यांचा पिस्टन असतो. एका ठरावीक प्रेशरपर्यंत पुढे जेवढं तेवढंच मागे. त्यानंतर पिस्टन सरकतो आणि पुढे वाढेल त्याचा काही भागच मागे सोडतो. आलेखात रेघ सरळ चढते आणि एका जागी गुडघा मोडल्यासारखी वाकते. लोकांना वाटतं की हा व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कायम कमी करतो. तसं नाही, गुडघ्याच्या खाली तो असून नसल्यासारखा.

विलवुड कंपनीच्या नॉबवाल्या व्हॉल्व्हमध्ये हा गुडघा १०० ते १००० पीएसआयपर्यंत कुठेही ठेवता येतो आणि त्यानंतरची वाढ ५७ टक्क्यांपर्यंत कापली जाते, म्हणजे ४३ टक्के मागे जातात. समजा ०.८ जी ला पुढे ४० बार लागतात. मागे हवेत साधारण सव्वाचोवीस. गणित मांडलं तर गुडघा साडेबारा बारच्या आसपास येतो, म्हणजे १८० पीएसआय. तेवढ्यावर ठेवून ०.४ जी ला तपासा: पुढे साडेसतरा, मागे पावणेपंधरा. मागचं चाक झेपेल त्याच्या किंचित आतच राहतं. कागदावर इतकं नीट जुळलेलं मी कमी वेळा बघितलंय, म्हणून माळावर परत तपासाच.

नॉब आत फिरवली की स्प्रिंग दाबली जाते, गुडघा वर सरकतो आणि मागे *जास्त* ब्रेक लागतो. बरेच जण उलटं समजतात. आणि पुढच्या लाइनीत हा व्हॉल्व्ह कधीही नाही.

पेठेतला

दुकानदाराच्या बाजूनेही जरा बोलतो. (तुमच्याकडे न बघणारा तो मी नाही.) असं गिऱ्हाईक आलं की आम्हाला गाडीचं नाव नको असतं, आटा हवा असतो. एम टेन बाय वनचं नट आणि थ्री एट्थ ट्वेंटीफोरचं नट हातात घेतलं तर सारखंच वाटतं, दोन फेरे बसतंसुद्धा. मग माणूस पाना लावतो आणि व्हॉल्व्हचा आटा खातो. बाहेरून आलेल्या व्हॉल्व्हला बरेचदा इंची आटा, आपल्या गाड्यांना मेट्रिक. सोबत जुना पाइप आणि नट घेऊन या, अॅडॅप्टर जुळवून घ्या.

फ्लेअरचंही (पाइपच्या पसरवलेल्या तोंडाचंही) तसंच, डबल फ्लेअर वेगळा, बबल फ्लेअर वेगळा. एकाच्या जागी दुसरा आवळून बसवला की आज कोरडा दिसतो आणि पंधरा दिवसांनी झिरपतो. आणि हात जोडून सांगतो, एसीच्या दुकानातली तांब्याची नळी ब्रेकला लावू नका. वळते छान, पण हादऱ्यांनी कडक होत जाते आणि तडकते. पावणेपाच मिलीमीटरचा बंडी पाइप (ब्रेकसाठीचा स्टीलचा) किंवा क्युप्रोनिकल (तांबं-निकेलचा) घ्या.

गल्लीतला_ग्यानी

कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह घ्या, तिन्ही एकात. आमच्या इथे एकाने लावलाय, बेस्ट आहे.

निवृत्त_फिटर

ग्यानीराव, "तिन्ही" म्हणजे कुठले ते बघू. मीटरिंग, प्रपोर्शनिंग आणि एक लाइन फुटली तर दिवा लावणारा स्विच. यातला मीटरिंग पुढे डिस्क-मागे ड्रमवाल्या गाडीसाठी. ड्रमचे शू स्प्रिंग ताणून बाहेर यायला वेळ घेतात, तोवर पुढच्या डिस्कना क्षणभर थांबवून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ठोकपीटरावांकडे ड्रमच नाही, मग थांबायचं कोणासाठी? शिवाय प्रपोर्शनिंग आत ठरवून टाकलेला, कुठल्या तरी जड गाडीच्या हिशेबाने. त्यावर नॉबवाला दुसरा जोडला तर एकामागे एक दोन कात्र्या. दिवा तेवढा चांगला. पण डब्याच्या झाकणात फ्लोटचा स्विच मिळतो, तोही ऑइल कमी झालं की दिवा लावतो.

लोड सेन्सिंगचंही बोलून टाकतो, कोणीतरी विचारणारच. पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ लिव्हर आणि स्प्रिंग असलेला दिसतो तो. माल भरला, गाडी बसली की मागे जास्त प्रेशर सोडतो. बग्गीत माल कुठला? फार तर मामा.

कायद्याचं_बोला

सगळं ठीक आहे, पण आरटीओ? घरी बांधलेली गाडी पासिंग होत नाही. कोथरूडच्या एआरएआयमध्ये (गाड्या तपासणाऱ्या संस्थेत) टाइप ॲप्रूव्हल होतं ते कंपनीच्या मॉडेलचं. आणि असलेल्या गाडीत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, त्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकालही आहे.

ठोकपीट

मान्य. रस्त्यावर काढणारच नाही. माळावर न्यायला टोइंगची गाडी ठरवतो, माळ मामांचा, आणि मामांची तक्रार फक्त ज्वारीच्या कडेला गेलो तर.

ठोकपीट

अपडेट. तीन आठवडे लागले, त्यातले दोन लेथवाल्याच्या "उद्या देतो"चे.

मागचे ब्रॅकेट नवीन केले, निप्पल वर आलं. पहिल्याच पंपाला डाव्या कॅलिपरमधून सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज झाला आणि पारदर्शक नळीतून बोटभर लांबीची हवा गेली. एवढी हवा आत होती आणि मी गाडी चालवत होतो. डबा डॅशबोर्डपाशी घेतला. सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, पहिला पॅडल: अर्ध्याच्याही वर थांबला. रेसिड्युअल व्हॉल्व्हचे पैसे वाचले.

नॉबवाला व्हॉल्व्ह मागच्या लाइनीत बसला (पेठेतले, अॅडॅप्टर लागलाच, तुमचं बरोबर होतं). काकांनी फोनवर सांगितलं तसं हायड्रॉलिकवाल्याकडून दोन गेज आणले, एक पुढच्या निप्पलच्या जागी, एक मागच्या. पॅडल दाबून दोन्ही काटे बघत बसलो. बारापर्यंत जुळ्या भावांसारखे बरोबर चढले, मग मागचा रेंगाळला. पुढे चाळीस, मागे चोवीस. मी उगाचच दहा वेळा दाबून बघितलं.

मग माळ. टायरच्या बाजूला खडूने जाड रेघा मारल्या आणि भाच्याला मोबाइल देऊन बाजूला उभं केलं. आधी वीस, मग तीस, मग चाळीस. व्हिडिओ हळू करून बघितला तर पुढच्या चाकाची रेघ आधी थांबते, मागची अजून फिरतेय. गाडी सरळ. मुरूम आहे, डांबर नाही, त्यामुळे नॉब अजून अर्धा फेरा बाहेर ठेवलीय.

पॅडल जरा लांब जातोय मात्र. हवा नाही, नक्की.

निवृत्त_फिटर

छान झालं. लांब जाणारच. त्या मास्टरच्या एका खोलीवर पूर्वी एक कॅलिपर आणि ड्रमचा एक छोटा सिलिंडर होता. आता दोन कॅलिपर आहेत, जास्त ऑइल ढकलायला लागतं. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर घेतलात तर पॅडल आखूड होईल, पण तेवढ्याच पायाला प्रेशर कमी मिळेल आणि तुम्हाला बूस्टर नाही. ३० किलोचा दाब, पॅडलचं प्रमाण पाचाला एक, पाऊण इंची बोअर, तर साधारण ५२ बार येतात. तेवढ्यात भागतंय. पॅडल तळापासून निदान एक तृतीयांश वर थांबत असेल तर हात लावू नका.

ऑइल कुठलं भरलंय? डॉट थ्री असेल तर नवीन असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर १४०. डॉट फोर २३० आणि १५५. डॉट फोर भरा आणि पावसाळ्यानंतर बदला. सिलिकॉनचं डॉट फाइव्ह त्यात मिसळू नका.

आणि हँडब्रेक कुठाय? पुढचे कॅलिपर मागे लावलेत, त्यांना केबल नसते.

ठोकपीट

नाहीये. सध्या चाकामागे वीट लावतो. लाइन-लॉक नावाचा व्हॉल्व्ह बघून ठेवलाय, पॅडल दाबून तो बंद केला की प्रेशर आत अडकून राहतं. तो चालेल का?

निवृत्त_फिटर

नाही. तासाभरात थंड झाल्यावर किंवा एखाद्या सीलमधून प्रेशर उतरतं आणि गाडी चालायला लागते. हँडब्रेक दोरीचा किंवा रॉडचाच हवा, ऑइलचा नको. मागच्या डिस्कवर केबलचा छोटा वेगळा कॅलिपर बसवा. तोवर वीट एक नाही, दोन लावा. आणि मामांच्या विहिरीकडे तोंड करून उभी करू नका.

जीपवाला_सातारारोड

गिरकीचा व्हिडिओ अजून आला नाही.